रेघेवर थांबणारा चोर

"चोरी! पुन्हा चोरी! आता मात्र हद्द झाली!"

काकांचा आवाज अंगणातल्या शेडमधून निघाला आणि थेट दुसऱ्या मजल्यावर पोचला. ठिणगी दात घासत होती. तिने तोंडातला फेस कसाबसा थुंकला आणि ब्रश हातात घेऊनच जिन्याकडे धूम ठोकली. मागून तिचा धाकटा भाऊ शंकोबा एक चप्पल स्वतःची आणि एक काकूंची घालून धावला. त्यांची चुलतबहीण पिटुकली तर जिन्याच्या कठड्यावरून घसरत सगळ्यांच्या आधी खाली पोचलीसुद्धा!

ही नावं अर्थात शाळेच्या हजेरीतली नव्हेत. ठिणगी तेरा वर्षांची, आणि कशावरही चटकन भडकायची. शंकोबाला जेवताना, झोपताना, अंघोळ करतानाही शंका यायच्या. पिटुकली दहा वर्षांची होती पण दिसायची सात वर्षांची, आणि कुणी तसं म्हटलं की अख्खा दिवस त्याच्याशी बोलायची नाही. सुटीत भाऊबहीण काकांकडे राहायला आले की तिघांची टोळी जमायची, आणि काकू काचेच्या सगळ्या वस्तू मुकाट्याने वरच्या फळीवर नेऊन ठेवायच्या.

शेडमध्ये काका राणीसाहेबांशेजारी उभे होते. राणीसाहेब म्हणजे काकांची मोटार. सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची, वयाने काकांपेक्षाही मोठी. आजोबांनी घेतलेली ही गाडी काका इतकी जपायचे की तिच्यावर माशी बसली असती तरी तिला "आधी पाय पूस" म्हणाले असते. येत्या रविवारी शहरात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि राणीसाहेब तिथे पहिल्यांदाच मिरवणार होत्या.

"काल संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली होती!" काका काचेतून काट्याकडे बोट दाखवत गरजले. "आणि आता बघा! फुलच्या खालच्या बारीक रेघेवर! गेल्या आठवड्यात भरली तेव्हाही हेच, त्याच्या आधीही हेच! शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, आणि दुसरी..."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात वॉचमनकाका बादली घेऊन उभे होते.

"साहेब, मी सकाळी फक्त..."

"फक्त काय? द्या ते फडकं इकडे!" काकांनी बादलीवरचं फडकं उचललं, हुंगलं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं. "पेट्रोल! नुसता भपकारा येतोय! आता बोला!"

"तेच सांगतोय साहेब, सकाळी मी..."

"पुरे! मला काही ऐकायचं नाही. संध्याकाळी इमारतीची बैठक आहे, तिथेच काय तो निकाल लागेल. चोराला राहायला खोली द्यायची म्हणजे कमाल झाली!"

वॉचमनकाकांनी बादली खाली ठेवली. फाटकाजवळच्या त्यांच्या खोलीच्या खिडकीत त्यांची बायको बसली होती. तिचा एक पाय प्लास्टरमध्ये होता. तिने सगळं ऐकलं होतं. नोकरी गेली की ती खोलीही जाणार, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी कुणीच तोंड उघडलं नाही. ठिणगीला इतका राग आला की तिने हातातला ब्रश जवळजवळ मोडलाच!

टोळीची तातडीची सभा जिन्याखाली भरली.

"वॉचमनकाका आणि चोर? शक्यच नाही!" ठिणगी फणफणली. "मागच्या सुटीत माझा कानातला डूल गटारात पडला, तर त्यांनी हात घालून शोधून दिला. गटारात, हात घालून!"

"पण बाबा खोटं बोलत नाहीत," पिटुकली हळूच म्हणाली. तिचा चेहरा अगदी एवढासा झाला होता. "काटा खरंच खाली आलाय."

"मला एक शंका आहे," शंकोबा म्हणाला.

"आली!" दोघी एकदम ओरडल्या.

"ऐका तरी! चोर दरवेळी त्याच रेघेवर का थांबतो? तीन वेळा चोरी, आणि तिन्ही वेळा काटा त्याच जागी! मी चोर असतो तर निदान अर्धी टाकी रिकामी केली असती. एवढा शिस्तीचा चोर असतो का कुठे?"

पिटुकलीचे डोळे मोठे झाले. "अरे हो! आणि आधी कधीच चोरी झाली नव्हती! बाबा टाकी कधी भरायचेच नाहीत ना. राणीसाहेब इमारतीला एक चक्कर मारणार आणि परत येऊन झोपणार, त्यांना कितीसं पेट्रोल लागतं? फेरी ठरली तेव्हापासून बाबा टाकी काठोकाठ भरायला लागले."

"म्हणजे टाकी अर्धी असली की हा चोर फिरकतही नाही," ठिणगी म्हणाली. "भरलेली दिसली की येतो, वरवरचं थोडं पितो आणि जातो. चोर आहे की मांजर?"

"पण फडक्याला वास कसा लागला?" शंकोबाने विचारलं.

"ते वॉचमनकाकांना कुणी विचारलंय का?" ठिणगी ताडकन उठली. "चला!"

वॉचमनकाका पलंगाखालची जुनी ट्रंक ओढून तिच्यात कपडे भरत होते. मुलांना पाहून त्यांनी ती घाईघाईने मागे सारली.

"काका, फडक्याला पेट्रोलचा वास कसा लागला?" ठिणगीने थेट विचारलं.

ते पलंगाच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, "रोज सकाळी मी शेडची फरशी पुसतो, पोरी. या तीनही वेळा मागच्या उजव्या चाकाखाली ओलं होतं. थोडं फरशीवर, बाकीचं वाहत मोरीत गेलेलं. मला वाटलं, भरताना साहेबांच्या हातून सांडलं असेल. बोलून दाखवलं तर त्यांना ओशाळल्यासारखं होईल. म्हणून गुपचूप पुसून टाकलं."

"आणि तेच फडकं..." शंकोबा म्हणाला.

"तेच," खिडकीजवळून त्यांची बायको म्हणाली. "चांगुलपणा नडला, दुसरं काय!"

बाहेर आल्यावर पिटुकलीने डोळे पुसले आणि नाक वर ओढलं. "मागचं उजवं चाक," ती म्हणाली. "आपल्याला तिथे बघायलाच हवं."

पण बघायचं कसं? आता दोन्ही किल्ल्या काकांच्या खिशात होत्या. शिवाय काका राणीसाहेबांना कुणाला बोटही लावू देत नसत. अपवाद फक्त एका कामाचा!

"काका," ठिणगी अगदी मधाळ आवाजात म्हणाली, "संध्याकाळी सगळी इमारत जमणार. राणीसाहेब जरा मळकट दिसतात, नाही? आम्ही पॉलिश करायला मदत करू का?"

काकांचा राग कुठल्या कुठे पळाला! पॉलिश हा काकांचा जीव की प्राण. बूट, बक्कल, दाराच्या कड्या, छत्रीची मूठ, काहीही सुटायचं नाही. एकदा त्यांनी रबरी पायपुसणंसुद्धा पॉलिश केलं होतं, आणि काकू त्यावरून घसरून थेट सोफ्यावर जाऊन बसल्या होत्या. पाचच मिनिटांत तिघांच्या हाती फडकी आली आणि काका पुढचे दिवे चमकवायला बसले.

पिटुकली मागच्या चाकाशी गेली. काकूंच्या पर्समधला छोटा आरसा तिने लाकडी उलथन्याला दोऱ्याने बांधून आणला होता. तो तिने चाकाच्या वरच्या पोकळीत सरकवला, आणि शंकोबाने विजेरी धरली. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी मनगटाएवढी जाड रबरी नळी आरशात दिसू लागली. काळीभोर, तुकतुकीत!

"ही तर अगदी नवी आहे," शंकोबा निराश होऊन कुजबुजला. "गॅरेजवाल्या मिस्त्रीमावशींनी उन्हाळ्याआधी सगळ्या नळ्या बदलल्या ना?"

तेवढ्यात ठिणगीने पुढून खुणावलं. काकांनी बॉनेट उघडलं होतं आणि ती आत डोकावत होती. इंजिनाजवळच्या नळ्या मळकट काळ्या होत्या, त्यांना मुळीच चमक नव्हती, आणि त्यांच्या अंगावर पांढरी बारीक अक्षरं छापलेली होती.

"एकाच वेळी बदलल्या," शंकोबा डोकं खाजवत म्हणाला, "तर पुढच्या मळकट आणि मागची चकचकीत, असं कसं?"

या शंकेचं उत्तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये होतं. मिस्त्रीमावशी अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचून एका टेम्पोशी भांडत होत्या.

"मागची नळी?" त्या पिटुकलीला म्हणाल्या. "ती मी नाही बदलली. पुढच्या तेवढ्या बदलल्या. मागच्या नळीविषयी तुझ्या बाबांना विचारलं, तर म्हणाले, 'बाई, ती नवीच आहे, कशी चमकतेय बघा!' मीही वाकून पाहिलं. चमकत होती खरी!"

"मावशी, नवी नळी चमकते का हो?" शंकोबाने विचारलं.

मावशींनी भिंतीवरच्या वेटोळ्यातली नवी नळी ओढली. ती मळकट काळी होती आणि तिच्यावर पांढरी अक्षरं होती. मावशींच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"बाबा सगळ्यालाच पॉलिश लावतात," पिटुकली खाली बघत म्हणाली. "ते रबरालाही लावतात."

"अगं बाई!" मावशींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे जुनीच नळी, वरून रंगरंगोटी केलेली! आताच्या पेट्रोलमध्ये जे काही मिसळतात ना, ते त्या जुन्या रबराला सोसत नाही. ते आतून कडक होतं, भेगाळतं. ती नळी टाकीला वरच्या अंगाला जोडलेली आहे. टाकी अर्धी असली तर पेट्रोल तिथवर पोचतच नाही. काठोकाठ भरली की नळीत चढतं आणि भेगेतून गळतं. भेगेच्या खाली पातळी गेली की गळायचं थांबतं!"

"रेघेवर!" तिघं एकदम ओरडली.

"हसण्यावारी नेऊ नका. एक काडी पेटली तर राणीसाहेब, शेड, सगळं खाक होईल!" मावशींनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. पलीकडून काकांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला: "माझी मागची नळी? अहो, तिच्यात तोंड दिसतं तोंड! चोर सापडलाय, तुम्ही कशाला काळजी करता?" आणि फोन बंद!

"माणूस प्रेमळ आहे," मावशी फोनकडे बघत म्हणाल्या, "पण कान घरी ठेवून फिरतो."

"मग त्यांना डोळ्यांनीच दाखवू," ठिणगी म्हणाली.

बेत ठरला. मावशींनी मात्र आधी बजावलं, "गाडी शेडमध्ये नाही, उघड्यावर. खाली माझा पत्र्याचा ट्रे, बाजूला वाळूच्या बादल्या. काडेपेटी, लायटर, काही नाही. आणि मी स्वतः तिथे उभी राहणार."

काकांना पटवायचं काम शंकोबाकडे आलं. "काका, एक शंका. बैठकीत कुणी म्हणालं की टाकी भरलेली होतीच कशावरून, तर?"

काका विचारात पडले. मग त्यांनी चुटकी वाजवली. "बरोबर! आज सगळ्यांसमोर टाकी भरतो. काटा दाखवतो. म्हणजे साक्षीदारच साक्षीदार! हुशार आहेस रे!"

"तुमचाच पुतण्या," शंकोबा नम्रपणे म्हणाला. ठिणगीला हसू आवरेना, म्हणून तिने तोंडात फडकं कोंबलं आणि पॉलिशची चव लागल्यावर थू थू करत पळाली!

उन्हं कलल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. राणीसाहेबांना ढकलत मधोमध आणण्यात आलं. "तेलाचे डाग पडायला नकोत," असं म्हणत मावशींनी मागच्या उजव्या चाकाखाली ट्रे सरकवला. काकांनी पंपावरून आणलेलं पेट्रोल सगळ्यांसमोर ओतलं, काठोकाठ.

"काटा फुलवर! सगळ्यांनी बघून घ्या!"

वॉचमनकाका दूर, फाटकाजवळ एकटे उभे होते. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. पिटुकली उठली, स्वतःची खुर्ची फरफटत त्यांच्यापाशी नेली आणि परत येऊन जमिनीवर बसली. काकांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

काकांचं भाषण सुरू झालं. विश्वास म्हणजे काय, जबाबदारी म्हणजे काय, किल्ली म्हणजे काय! मुलांचं लक्ष ट्रेकडे होतं. काहीच नाही. अजूनही काहीच नाही. शंकोबाच्या मनात शंका डोकावली की आपलं चुकलं तर नाही ना? आणि मग चाकामागून एक थेंब पडला. मग दुसरा!

नेमके त्याच वेळी इमारतीचे सेक्रेटरी उशिरा आले. ते थेट राणीसाहेबांच्या मागे येऊन टेकले आणि त्यांनी सवयीने सिगारेट ओठांत धरली. दुसऱ्या हातात लायटर होता!

"नको!" ठिणगीने झेप घेतली, लायटर हिसकावला आणि पार फाटकापलीकडे भिरकावला!

"ही काय पद्धत झाली?" सेक्रेटरी उडालेच.

"ठिणगे!" काका लालबुंद झाले. "माफी माग आधी!"

"बाबा!" पिटुकली उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर, तेही स्वतःच्या बाबांशी, ती कधी अशी बोलली नव्हती. "आधी मागच्या चाकाखाली बघा. मग हवं तेवढं रागवा."

सगळं अंगण शांत झालं, आणि त्या शांततेत आवाज आला. टप. टप. टप.

काका वाकले. ट्रेमध्ये पेट्रोलचं छोटंसं तळं साठलं होतं. वॉचमनकाका पार तिकडे खुर्चीत बसले होते, आणि चोरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू होती!

"पण... पण ती नळी तर नवी आहे," काका पुटपुटले. "चमकतेय की!"

"बाबा, आपलं पायपुसणंही चमकतं," पिटुकली म्हणाली.

खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. काका मात्र हसले नाहीत. मावशींनी सगळ्यांना मागे सरकवलं, टाकीतलं थोडं पेट्रोल डब्यात काढून घेतलं, दोन पट्ट्या ढिल्या केल्या आणि ती नळी सोडवून काकांच्या हातात दिली. "वाकवा."

काकांनी वाकवली. कट्‌ असा आवाज झाला. वरचा काळा मुलामा पापुद्र्यांसारखा निघाला आणि खाली भेगाच भेगा उघड्या पडल्या. एका भेगेत तर काकांचं नख सहज गेलं.

"चूक माझीही आहे," मावशी म्हणाल्या. "चमक बघून मी उठले. हाताने दाबून बघायला हवं होतं. आता मागेही या पेट्रोलला टिकणाऱ्या नव्या नळ्या घातल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही, रविवार असो की सोमवार!"

"ज्या गाडीत मी घरच्यांना बसवणार होतो..." काका म्हणाले. त्यांनी पिटुकलीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. नळी हातात तशीच धरून ते अंगण ओलांडून गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला चोर म्हटलं. विचार न करता म्हटलं, आणि चारचौघांत म्हटलं. मला माफ करा."

वॉचमनकाका खुर्चीतून उठले. "फरशी मीच पुसत होतो, साहेब," ते म्हणाले. "वेळीच बोललो असतो तर बरं झालं असतं."

"तुम्ही बोलतच होतात. मीच बोलू दिलं नाही."

मग मात्र सगळं अंगण एकदम बोलायला लागलं! सेक्रेटरींनी सिगारेटचं पाकीट मुकाट्याने खिशात ठेवलं आणि ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आज तू माझ्या मिशाच नाही, अख्खी इमारत वाचवलीस!" काकूंनी पिटुकलीला पोटाशी धरलं. मावशींनी शंकोबाला सुटीभर रोज गॅरेजमध्ये येऊन हव्या तेवढ्या शंका विचारायची परवानगी दिली, आणि लगेच, "हव्या तेवढ्या म्हणजे दहा हं!" अशी घाईने दुरुस्तीही केली.

"काय हुशार मुलं आहेत!" कुणीतरी म्हणालं.

"हुशार तर आहेतच," वॉचमनकाका म्हणाले. "पण आज दिवसभर सगळे माझ्याबद्दल बोलत होते. मला येऊन विचारलं ते फक्त या तिघांनी."

ठिणगीने जाऊन त्यांचा हात धरला.

काका तिथून थेट त्या छोट्या खोलीच्या खिडकीशी गेले. टोळी मागोमाग होतीच. आत वॉचमनकाकांची बायको पाय उशीवर ठेवून बसली होती.

"वहिनी," काका म्हणाले, "सकाळी तुम्ही ऐकलंत, म्हणून इथे येऊन सांगतोय. तुमच्या माणसाने काहीही चोरलेलं नाही. चूक सगळी माझी होती."

तिने खिडकीचं दार पुरतं उघडलं.

"त्यांनी काही चोरलं नाही, हे मला सकाळीही माहीत होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, ते बरं केलंत. आता आत या. तुम्हीही या रे पोरांनो. आणि कुणीतरी ती ट्रंक रिकामी करा, मला काही उठता येत नाही."

टोळी धावली, आणि काकांनी स्वतः बाह्या सरसावून ट्रंकेतले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावायला घेतले.